सुरस, चमत्कारिक आणि तरीही खरं

मराठी घरात पुस्तकांची एक उतरंड असते. ती कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना पाठ असते. सगळ्यात वर पोथ्या आणि ज्ञानेश्वरी. त्याखाली थोरामोठ्यांची चरित्रं. मग ऐतिहासिक कादंबऱ्या, मग सामाजिक, मग प्रवासवर्णनं आणि विनोदी लेखन. आणि अगदी तळाशी, पाहुणे आले की गादीखाली सरकवायची पुस्तकं : भुताखेतांची, राजपुत्र-राक्षसांची, परग्रहावरच्या माणसांची. ही पुस्तकं वाचणारा मुलगा असेल तर ‘अभ्यास सोडून हे काय?’ आणि मुलगी असेल तर ‘स्वयंपाकघरात जरा लक्ष घाल’ असं ऐकायला मिळतं. मोठ्या माणसानं वाचली तर लोक काही बोलत नाहीत. नुसते हसतात.

गेली पन्नासेक वर्षं मी हे हसू सहन करत वाचत आले आहे. वरच्या मडक्यांतलंही पुष्कळ वाचलं आणि त्याचा आनंद घेतला. पण तळाच्या मडक्यावरचा माझा जीव काही कमी झाला नाही. एवढ्या वर्षांत माझी काही मतं बनली, काही आवडीनिवडी पक्क्या झाल्या. त्या आज वाचकांपुढे ठेवते. पटल्या तर घ्याव्यात, नाहीतर माझ्याशी भांडावं. वाचणाऱ्या माणसांच्या भांडणासारखं सुख नाही.

पहिली गोष्ट अशी, की अद्भुताचं आपल्याला वावडं होतं असं नाहीच. मराठी गद्य नुकतं कुठे पायांवर उभं राहत होतं, तेव्हा १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. पाठोपाठ १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाला अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणाव्यात असं वाटलं. ते काम पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी चालवलं. ज्यांना आपण मराठी गद्याचे शिल्पकार म्हणतो, त्या घराण्याला जिनी आणि उडत्या गालिच्यांची लाज वाटली नाही. शंभरेक वर्षांनी गौरी देशपांडे यांनीही बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत आणले. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ची. सिंहगडावर झालेल्या अपघातानं कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या या लेखकानं अंथरुणावरून महाराष्ट्राला भुयारं, गुप्त दरवाजे आणि घोडेस्वारांची दौड दाखवली. त्यातला बराचसा माल रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराकडून आलेला, हे खरं. पण वाचणाऱ्यांनी तो आपलासा केला, हेही तितकंच खरं.

माझ्या पिढीला ही शिदोरी ‘चांदोबा’नं दिली. मराठीत तो १९५२ मध्ये सुरू झाला. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दर महिन्याला एक प्रश्न विचारायचा आणि विक्रमाला उत्तर माहीत असूनही तो गप्प बसला तर डोक्याची शंभर शकलं! न्यायाचा विचार कसा करायचा हे आम्हाला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी त्या वेताळानं शिकवलं. दुसरे गुरू भा. रा. भागवत. त्यांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्यूल्स व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला तोही भागवतांनीच. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ ही नावं नुसती उच्चारली तरी माझ्या वयाच्या माणसांचे डोळे अजून चमकतात. व्हर्ननं १८६५ मध्ये तीन माणसांना फ्लोरिडातून चंद्राकडे धाडलं. १९६९ मध्ये अपोलो ११ही तीन माणसांना घेऊन फ्लोरिडातूनच निघालं. म्हणून कुणी व्हर्नला द्रष्टा म्हणतं. मला ते पटत नाही. व्हर्नची माणसं तोफेतून उडवलेली होती. खरोखरच तसं केलं असतं तर पहिल्याच धक्क्यात त्यांचा चेंदामेंदा झाला असता. व्हर्नचं मोठेपण भविष्य सांगण्यात नाही. चंद्रावर जाणं हे गणित करून सोडवायचं काम आहे, हे त्यानं लहान मुलांना पटवलं. ही गोष्ट भविष्यापेक्षा मोठी आहे.

तर विज्ञानकथेकडे ज्योतिषासारखं पाहू नये, हे माझं पहिलं मत. ‘त्यानं लिहिलं होतं आणि तसंच झालं’ ही काही कौतुकाची खरी रीत नव्हे. चांगली विज्ञानकथा एक ‘जर’ घेते आणि त्याचं ‘तर’ शेवटपर्यंत प्रामाणिकपणे ओढत नेते.

मराठीत हे कसब ज्यांनी घराघरांत पोहोचवलं ते जयंत नारळीकर. ती हकीगत स्वतः त्यांनीच सांगितलेली आहे. अहमदाबादच्या एका परिसंवादात व्याख्यान कंटाळवाणं चाललं होतं, तेव्हा त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला ती पाठवताना नावाचा दबाव पडू नये म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ झाले. अक्षर ओळखू येईल म्हणून ती मंगलाताईंकडून लिहून घेतली. ‘कृष्णविवर’ या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगभर नाव असलेल्या शास्त्रज्ञानं टोपणनावानं स्पर्धेत उतरावं, यात मला त्यांच्या विज्ञाननिष्ठेचाच पुरावा दिसतो. प्रयोग करायचा तर निकालावर आपली सावली पडू द्यायची नाही! पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. आणि २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. तळाच्या मडक्याला वर चढायला सेहेचाळीस वर्षं लागली. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा घरातलं कुणी वडीलधारं गेल्यासारखं वाटलेले माझ्यासारखे वाचक पुष्कळ असतील.

त्यांच्या सगळ्याच कथा मला सारख्या आवडतात असं नाही. काही कथांत माणसं निरोप्यासारखी येतात, सिद्धांत सांगतात आणि जातात. पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मी कितीदा वाचली असेल याची मोजदाद नाही. १७६१च्या त्या संक्रांतीला विश्वासरावांना लागलेली गोळी जराशी चुकली असती तर? गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. दोनशे-अडीचशे वर्षं आपण ज्या जखमेवरून हात फिरवत आलो, तिच्यावर ही कथा बोट ठेवते. पण लेखक तिथे विजयाचे ढोल वाजवत बसत नाही. उलट या विद्वान गृहस्थाला तो एका अध्यक्षाविना चाललेल्या सभेत नेतो. हयातभर सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या गंगाधरपंतांना ती रिकामी खुर्ची काही बघवत नाही आणि लोक त्यांना व्यासपीठावरून पिटाळतात. मराठी माणसाचा इतिहासाचा हळवेपणा आणि खुर्चीचा सोस, दोन्ही एका गोष्टीत. परक्या भाषेतून उसनं आणून हे जमत नाही.

दुसरी कथा ‘पुत्रवती भव’. मुलगाच हवा या हट्टाला विज्ञानाची जोड मिळाली तर काय होईल, हा तिचा प्रश्न. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, देशानं १९९४ मध्ये. लेखकानं धोका त्याआधीच ओळखला होता. पुढे काय झालं? १९९१च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ उरल्या. ज्यांनी ही गोष्ट ‘करमणूक’ म्हणून बाजूला ठेवली, त्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

नारळीकरांबरोबर आणि त्यांच्या नंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे अशी चांगली फळी उभी राहिली. फोंडक्यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टनं १९९३ मध्ये काढला, त्यात मराठी नावं ठळकपणे दिसतात. अरुण साधूंसारख्या राजकीय कादंबरीकारालाही ‘विप्लवा’ लिहावीशी वाटली. जावडेकरांची ‘आकांत’ भोपाळच्या विषारी वायूवरची. डिसेंबर १९८४च्या त्या रात्री जे घडलं ते कल्पित नव्हतं, म्हणून तिला विज्ञानकथा म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. माझ्या मते ती आपल्या कपाटात याच रांगेत शोभते. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये निष्काळजीपणा उभा राहिला की काय होतं, हा विज्ञानकथेचाच विषय आहे.

आता तक्रार. मराठी विज्ञानकथेचा एक साचा आहे, त्याला मी ‘कांदेपोहे विज्ञानकथा’ म्हणते. तिसऱ्या पानावर शास्त्रज्ञाचा मित्र घरी येतो. तो नेमका कला शाखेचा असतो. वहिनी पोहे आणतात आणि शास्त्रज्ञ पुढची चार पानं मित्राला सिद्धांत समजावतो. मित्र मधूनमधून ‘म्हणजे काय रे?’ म्हणतो. वहिनी मात्र काहीच विचारत नाहीत. त्या बशा उचलतात! ज्या गोष्टीत दोनशे वर्षांनंतरचं यान आहे, त्याच गोष्टीत बायकांची जागा आजच्यापेक्षाही मागे असावी, याचं लेखकांना काहीच वाटत नाही का? बेगम रुकैया यांनी १९०५ मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ लिहून पुरुषांना घरात बसवलं आणि बायकांच्या हाती सूर्यशक्ती नि विमानं दिली होती. एका बंगाली बाईला तेव्हा जे सुचलं, ते आपल्याकडे अनेकांना पुढं कितीतरी वर्षं सुचलं नाही. शुभदा गोगटे यांचं लेखन मला जवळचं वाटतं त्याचं एक कारण हेच.

परदेशी पुस्तकांबद्दलही दोन शब्द. मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८चं. ते लिहायला घेतलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. लोक त्याला ‘विज्ञान हाताबाहेर गेल्याची गोष्ट’ म्हणतात. मी ते आई झाल्यावर पुन्हा वाचलं आणि मला ती बेजबाबदार बापाची गोष्ट वाटली. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन जीव निर्माण करतो आणि तो कुरूप दिसतो म्हणून पळ काढतो. त्या बिचाऱ्याला कुणी नावसुद्धा ठेवत नाही. पुढचा सगळा संहार त्या बिननावाच्या बारशातून येतो. आपल्याकडच्या भस्मासुराला वर देताना शंकरानं विचार केला नाही, तसंच हे. वर देणाऱ्याची जबाबदारी वर देऊन संपत नाही.

‘रोबो’ हा शब्द आता शेंबडं पोरही वापरतं. तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून जगभर गेला. मूळ चेक शब्दाचा अर्थ सक्तीची मजुरी, म्हणजे आपली वेठबिगारी. हा अर्थ कळला की कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या हल्लीच्या चर्चा वेगळ्याच ऐकू येतात. यंत्र आपल्यावर राज्य करील का, हे आपण सारखं विचारतो. ज्याला आपण वेठीला धरलं त्याच्याशी आपण कसे वागलो, हा चापेकचा प्रश्न मात्र मागे पडतो. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये (१९५३) सरकार पुस्तकं जाळतं, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्यातली खरी भीती दुसरीच आहे. लोकांनी वाचणं आधी आपणहून सोडलेलं असतं. भिंतीएवढ्या पडद्यांपुढे बसून, कानात बोंडं घालून ते सुखात असतात. हे वाचून झाल्यावर आपल्या दिवाणखान्याकडे एकदा नजर टाकावी.

शुद्ध अद्भुताच्या प्रांतात माझं मन टॉल्किनपेक्षा उर्सुला ल गिनकडे ओढ घेतं. टॉल्किन थोरच. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून परतलेल्या या भाषापंडितानं आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणारी माणसं निर्माण केली. पण ल गिनच्या ‘अर्थसी’मध्ये (१९६८) मराठी बाईला ओळखीचं असं काहीतरी आहे. तिथे प्रत्येकाचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्याच्यावर सत्ता चालते. म्हणून ते फक्त जिवाभावाच्या माणसालाच सांगायचं. पाळण्यातलं नाव वेगळं, हाक मारायचं वेगळं, नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज घ्यायचं नाही, अशा घरांत वाढलेल्यांना ही जादू समजावून सांगावी लागत नाही. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असं झालं, तेव्हाही मला असाच आनंद झाला होता. ‘परीस’ म्हटल्याबरोबर ती वस्तू आपल्या आजीच्या गोष्टीतली होऊन गेली.

आपल्याकडे मोठ्यांसाठी असं अद्भुत कुणी लिहिलं? मी जी. एं.चं नाव घेईन. ‘विदूषक’, ‘इस्किलार’, ‘प्रवासी’ या कथांतले देश कुठल्याच नकाशावर नाहीत, पण तिथला माणूस आपल्याला आरशात दिसतो. समीक्षक त्यांना दृष्टांतकथा, रूपककथा म्हणतात. म्हणोत बापडे. याच कथा परदेशात इंग्रजीत लिहिल्या असत्या तर दुकानदारानं त्या ‘फँटसी’च्या फळीवर ठेवल्या असत्या. नारायण धारपांना तर समीक्षकांनी काहीच म्हटलं नाही. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे हे ठाऊक असूनही ती वाचताना रात्री खिडकी लावून घ्यावीशी वाटते, कारण तिच्यातलं गाव आपलं आहे. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ चित्रपट आला तेव्हा धारपांच्या कथेचं नाव पुन्हा निघालं आणि त्यांना कधीच न वाचलेली मंडळी त्यांची पुस्तकं शोधू लागली.

आणि एक मत असं, की विज्ञानकथेची गोडी लागलेला वाचक इतर पुस्तकंही वेगळी वाचतो. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मला नेहमी परग्रहावर उतरण्याची गोष्ट वाटते. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो. तिथलं आकाश, भूक, न्याय, बोलणं सगळंच निराळं. त्यानं शिकवायचं, पण आधी शिकायचं. इरावतीबाईंचं ‘युगान्त’ मी उलट्या टोकानं वाचते. त्यांनी महाभारतातलं अद्भुत बाजूला सारलं आणि माणसं उघडी केली. अद्भुत कशासाठी असतं हे ज्याला कळतं, त्यालाच ते काढून घेतल्यावर काय उरतं याची किंमत कळते.

आणि इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे. ज्या १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळालं, त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ग्रंथाची छाननी प्रसिद्ध केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडू न शकणारी, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. मला पुष्पक विमान प्राणापलीकडे आवडतं. कितीही माणसं बसली तरी एक जागा शिल्लक राहणारं विमान, किती सुंदर कल्पना आहे! पण ती कल्पना आहे म्हणून सुंदर आहे. तिला कारखान्याचं प्रमाणपत्र चिकटवू गेलं की तिच्यातलं काव्य जातं आणि विज्ञानही हाती लागत नाही. लहानपणी भरपूर गोष्टी वाचलेल्या माणसाला गोष्ट आणि पुरावा यांतली सीमारेषा कळते. मोबाइलवर आलेला प्रत्येक चमत्कार पुढे ढकलणारी बहुतेक माणसं मला अशी दिसतात, की ज्यांना लहानपणी राक्षसाच्या गोष्टी ‘खोट्या’ म्हणून वाचू दिल्या नव्हत्या. अद्भुताची भूक मारता येत नाही. गोष्टीत भागली नाही, तर ती बातमीत जाऊन भागवली जाते.

म्हणून आईवडिलांना आणि आजीआजोबांना एवढंच सांगणं, की तळाचं मडकं काढून घेऊ नका. उतरंडीचा सगळा भार त्याच्यावर असतो. राक्षसापासून सुरुवात केलेली मुलं पुढे ज्ञानेश्वरीपर्यंत पोहोचतात. राक्षसच हिरावून घेतलेली मुलं बऱ्याचदा कुठंच पोहोचत नाहीत. संस्कारक्षम पुस्तकांचा संच वाढदिवसाला जरूर द्यावा, पण त्याच्या शेजारी एखादा भागवतांचा व्हर्न, एखादे नारळीकर, जरा मोठ्या मुलांसाठी एखादे धारपही असू द्यावेत. निरंजन घाटे यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ स्वतःसाठी आणावं. ‘वेड’ हा शब्द कौतुकानं का वापरतात ते त्यातून कळेल.

आणि वाचून झालं की मुलांना तात्पर्य विचारू नये. वेताळासारखा एखादा अवघड प्रश्न विचारावा : ‘त्या राक्षसाच्या जागी तू असतास तर?’ उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्यावा. रविवार मोठा असतो.